बाबांच्या नावाने

प्रिय भोपळ्या,

तुझं पत्र पोचलं. पोचून बरेच दिवस झाले. आई उत्तर का देत नाही म्हणून तू तिकडे तळमळत असशील, हे मला कळत नव्हतं असं नाही. दोनदा लिहायला बसले होते. एकदा तारीख घालून उठले. एकदा ‘प्रिय’ एवढंच लिहून खिडकीबाहेर बघत राहिले आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. साध्या टपालाने जे लिहिता येतं ते मला लिहायचं नव्हतं, आणि जे लिहायचं होतं ते टपालाने तुझ्यापर्यंत आलं नसतं. मधल्या कचेरीत कात्री घेऊन बसलेल्या माणसाने पत्राची चाळण करून टाकली असती. आज मात्र सोय झाली. आपल्या खालच्या मजल्यावरची नर्स तुमच्या बंदरातल्या इस्पितळात बदलून चालली आहे. दुपारी तिची गाडी. ती हे तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं तिने मला कबूल केलंय. वाचून झालं की जाळून टाक. म्हणजे तुला घरी भोपळ्या म्हणतात हेही तुमच्या तुकडीत कुणाला कळणार नाही. जाळायचं खरं कारण वेगळं आहे, पण तुझ्यासाठी हेही पुरेसं असावं.

आधी घरचं सांगते. ताई बरी आहे. जेवते, म्हणजे मी समोर ठाण मांडून बसले तर जेवते. माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे समुद्राकडे पाहिलं की कुणीतरी चुकलं म्हणून तो खोडून टाकल्यासारखा दिसतो. गल्लीतली मुलं डोंगरापलीकडच्या गावांत पाठवली. एरवी दुपारी त्यांच्या दंग्याने माझं डोकं उठायचं. आता दुपार झाली हेच कळत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत लोक दारं लावून घेतात. बेकरीवाला अजून रोज भट्टी पेटवतो, पण पाव देताना पूर्वीसारखा गप्पा मारत नाही. सगळेच जण बोलता बोलता मधेच थांबतात आणि कान देतात. कशाला, ते कुणी विचारत नाही.

तू भरती होऊन गेलास तेव्हा आपल्या टेकडीवर दीपगृह होतं आणि चार शेळ्या होत्या. आता ती टेकडी तुला ओळखू यायची नाही. आधी तारेचं कुंपण आलं, मग खडीच्या आणि सिमेंटच्या गाड्या. टेकडीचं डोकं कापून सपाट केलं, त्यात दोन मोठे गोल खड्डे बांधले, पोटात गोळ्यांची कोठारं खणली, आणि सगळ्यावर गवताच्या रंगाची जाळी पसरली. दीपगृहाचा दिवा त्यांनी विझवायला लावला, कारण तो शत्रूलाही वाट दाखवील. त्या संध्याकाळी बाबा जिन्यात उभं राहून बराच वेळ तिकडे बघत होते. आयुष्यभर बाहेरून आलेल्या जहाजांवर चढायचं आणि खडक चुकवत, वाळूचे दांडे चुकवत त्यांना धक्क्याला आणून लावायचं, एवढंच केलेला माणूस. “या कामावर आम्ही दोघं होतो,” ते म्हणाले, “आता मी एकटाच उरलो.” मी म्हटलं, मग आता तरी पगार वाढवून मागा. हसले. तुला ठाऊक आहे ते कसे हसायचे, आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

पहिली तोफ आली तो दिवस तू बघायला हवा होतास. नुसती नळी आपल्या घरांच्या ओळीएवढी लांब वाटत होती. ती वाहून नेणारी गाडी बेकरीच्या कोपऱ्यावर वळेचना. मागे घेतली, पुढे घेतली, ड्रायव्हर आणि शिपाई एकमेकांना शिव्या घालायला लागले, शेवटी बेकरीची कोपऱ्यातली भिंत पाडली. बेकरीवाला आधी भांडला आणि मग स्वतःच पहार घेऊन मदतीला आला. तोवर सगळा गाव गोळा झालेला. बायका नळीवरून हात फिरवून बघत होत्या. उन्हाने तापली होती ती. कुणी म्हणालं, आता झोप लागेल निवांत. बाबांनी हात लावला नाही. मी म्हटलं, बघा तरी, तुमच्याच बंदरासाठी आणलीय. ते म्हणाले, “मी रोज ज्या बाजूने घरी येतो ना, तिकडे तोंड असणार हिचं.” मला त्यांचा राग आला होता. सगळे एवढे आनंदात असताना हा माणूस खडा टाकणारच, असं वाटलं.

पहिल्यांदा तोफ उडवून बघायची होती त्याच्या आदल्या दिवशी पत्रक आलं. काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि कानांना इजा होऊ नये म्हणून तोंडं उघडी ठेवा. बाबा म्हणाले, आपल्या गल्लीसाठी दुसरी सूचना छापून कागद फुकट घालवला. पण बार झाला तेव्हा कुणालाच काही बोलायचं सुचलं नाही. आवाज कानाने ऐकू आला असं वाटलंच नाही रे, पायाखालून वर आला. मांडणीवरची भांडी सरकली. ताईच्या हातातला पेला हातातच राहिला आणि त्यातलं पाणी मात्र उडून भिंतीवर गेलं. नंतर कितीतरी वेळ गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही. टेकडीवरचे पक्षी गेले ते परत आले नाहीत.

तुझे मास्तर त्याच तोफांवर नेमले गेले होते, हे तुला कळलं होतं. तुला भूमिती शिकवताना ज्यांनी डोक्याला हात लावला होता तेच. शाळा बंद झाली, त्यांना बोलावणं आलं आणि गणित चांगलं म्हणून टेकडीच्या माथ्यावरच्या कोठडीत बसवलं. तिथे एक लांब दुर्बिणीसारखं यंत्र आहे. समुद्रावरचं जहाज त्यात धरायचं, चाक फिरवायचं आणि ते किती लांब आहे तो आकडा खाली तोफेला सांगायचा. ताईशी लग्न ठरलेलं, त्यामुळे रविवारी जेवायला यायचे. बाबांना तर थट्टा करायला आयतं गिऱ्हाईक मिळालं. सरावासाठी एक टगबोट लांब दोरीने लाकडाचा तराफा ओढत न्यायची आणि मास्तरांच्या आकड्यावर त्या तराफ्यावर गोळे टाकायचे. गोळे नेहमी अलीकडे पडायचे. बाबा म्हणायचे, “मास्तर, उद्या मी त्या तराफ्यावर खुर्ची टाकून बसतो. पेपर वाचायला त्यासारखी शांत जागा नाही.” मास्तर कानापर्यंत लाल व्हायचे. “जमेल हळूहळू,” म्हणायचे. ताई बाबांवर डोळे वटारायची आणि मास्तरांच्या ताटात वाढत राहायची. ते रविवार चांगले गेले, भोपळ्या. ते चांगले होते, हे मला विसरायचं नाही.

मग बंदराच्या तोंडावर पोलादी तारांचं जाळं सोडलं, त्याला मधे एक फाटक ठेवलं. बाहेर सुरुंग पेरले. त्यांच्यातून जाणारी वाट चिंचोळी, आणि ती बाबांना आणि आणखी एकदोघांना पाठ. त्यामुळे त्यांचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच. त्यांची ती पांढरी बोट, जिला लाल पट्टा होता आणि जी मला स्वयंपाकघरातून ओळखू यायची, ती करडी रंगवायचा हुकूम आला. बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवली. त्यानंतर खिडकीतून मला ती ओळखू येईना. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “म्हणूनच रंगवली.” शिवाय रोजची खूण असायची. आत यायचं तर भोंगा त्या दिवशी ठरलेल्या पद्धतीने वाजवायचा, दोन लांब एक आखूड, किंवा असंच काहीतरी. खूण रोज सकाळी बदलायची आणि टेकडीवरून धक्क्यावर फोनने कळायची.

हे सगळं असं चाललं असताना खालच्या किनाऱ्यावरच्या त्या बंदराची बातमी आली. तुम्हालाही कळवलं असेलच. धुक्याचा फायदा घेऊन शत्रूच्या लहान, वेगवान बोटी आपल्याच मच्छीमारांच्या मागोमाग आत शिरल्या आणि धक्क्याला लागलेली जहाजं पेटवून निघून गेल्या. तिथल्या तोफांनी एकही गोळा सोडला नव्हता. सोडायचा की नाही, हे ठरेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती बातमी आल्यापासून आपल्या टेकडीवरची माणसं बदलली. मास्तर रविवारी यायचे, पण घास हातात धरून बसायचे. त्यांचा कप्तान नवीन, तुझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा असेल नसेल. तो म्हणे खाट सोडून यंत्राच्या कोठडीतच जमिनीवर झोपायला लागला. बाबांनीही त्या दिवसांत विनोद करणं बंद केलं होतं. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही. घरात शांतता आहे, बरं वाटतंय, एवढंच वाटलं.

त्या सकाळी धुकं होतं. तुझ्या लहानपणी तू ज्याला ‘समुद्र घरात आला’ म्हणायचास, तसलं. बाहेर एक धान्याचं जहाज येऊन थांबल्याचा निरोप आला होता, म्हणून बाबा उजाडतानाच निघाले. चहा घेतला. मफलर घेतला नाही, मी जिन्यातून हाक मारली, तर हात हलवला आणि गेले. बरोबर त्यांचा नेहमीचा इंजिनवाला, ज्याला आपण गप्पाजी म्हणतो, कारण तो बोलतच नाही. ऊन वर आलं असावं, पण दिसत काहीच नव्हतं. मी कणीक मळत होते. आधी एक लहान बार ऐकू आला, आणि मग थोड्या वेळाने मोठा. मांडणी हलली. मी ताईला म्हटलं, अगं, धुक्यात कसला सराव करतात हे? आणि कणीक मळत राहिले.

पुढचं तुला कळवलं गेलं ते असं, की शत्रूच्या बोटीने धुक्यात बंदराच्या तोंडाशी बाबांची बोट बुडवली आणि आपल्या तोफांनी तिला पळवून लावलं. मलाही धक्क्यावर हेच सांगितलं. बाबा जाळ्याला अडकलेले सापडले. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. जवळपास उभी असलेली माणसं रडत होती आणि शिव्या देत होती, आणि भोपळ्या, मीही दिल्या. मी, जिने तू एकदा कुणाला साधं ‘गाढव’ म्हणालास म्हणून तुला जेवायला वाढलं नव्हतं. एकेकाला बुडवा, असं मी त्या धक्क्यावर मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. बेकरीवाल्याने दुसऱ्या दिवशी बाबांचा फोटो दुकानात लावला आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘बदला’ असं लिहिलं. त्या फोटोपुढे उभं राहून गावातली पोरं भरतीला गेली.

धक्क्यावर शोकसभा ठेवली होती. तिच्या आदल्या संध्याकाळी मास्तर आले. दारातच उभे राहिले. मी आत या म्हटलं, आले नाहीत. बूट काढायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. ताई भाजी चिरायची सोडून बाहेर आली. तेव्हा ते म्हणाले, “काकू, तिथे दुसरी बोट नव्हती.” मला काही कळेना. मी म्हटलं, “कुठली दुसरी?” ते म्हणाले, “कुठलीच. एकच बोट होती. ती आपली होती. आकडा मी सांगितला.”

मग ते बोलत सुटले आणि आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. त्या सकाळची नवी खूण धक्क्यावर पोचायच्या आत बाबांची बोट निघून गेली होती. कुणाचीही अशी खास चूक नाही. फोनवर जो बसतो तो खूण कळवायला थोडा उशीर करतो, ते रोजच चालायचं, आणि बाबा थोडे लवकर निघाले. बाहेर धुक्यात धान्याचं जहाज हलवणं शक्य नव्हतं म्हणून ते रिकामेच परतले. टेकडीवर भोंगा ऐकू आला तो आदल्या दिवशीच्या खुणेचा. धुक्यात एक काळपट ठिपका, फाटकाच्या दिशेने येणारा. कप्तानाने इशाऱ्याचा बार काढायला लावला. तो ऐकून आपली बोट असेल तर थांबेल, असा नियम आहे. ती थांबली नाही. तिने वेग वाढवला आणि सरळ फाटकाकडे धावली. कप्तान ओरडला, “अंतर?” मास्तरांनी सांगितलं. “या खेपेला आकडा बरोबर होता, काकू,” ते म्हणाले. आणि गोळा सुटल्यावर धुकं फाटलं. गोळा तिथवर पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ मास्तरांच्या डोळ्याला यंत्र होतं. त्यांना बोट दिसली. बाबा दिसले, सुकाणूपाशी उभे, मान वळवून मागे समुद्राकडे बघत होते. “मी ओरडलो,” मास्तर म्हणाले, “पण ओरडून काय होणार होतं.”

ताईने एकच विचारलं. “आकडा सांगितलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?” ते म्हणाले, “नाही.” ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मास्तर जिन्यातून उतरले ते मला ऐकूसुद्धा आले नाहीत. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असा त्यांना सक्त हुकूम होता. आम्हाला सांगितल्याचं कळलं तर त्यांचं काय होईल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आता तुला कळलं असेल, हे पत्र का जाळायचं.

मी इस्पितळात गप्पाजीला भेटायला गेले. त्याचा एक हात गेलाय आणि ऐकू फार कमी येतं. आयुष्यात बोलला नव्हता तेवढं तो त्या दिवशी माझ्याशी बोलला, ओरडून ओरडून, कारण स्वतःचा आवाज त्याला कळत नव्हता. नर्सने, हीच आपली खालची, दार ओढून घेतलं म्हणून बरं. तो म्हणाला, पहिला बार झाला तेव्हा धुक्यात तो कुठून आला ते समजेना. बाबांना वाटलं, शत्रू पाठीशी आहे आणि आपली माणसं आपल्या डोक्यावरून त्याच्यावर गोळे टाकतायत. ते म्हणाले, “दाब, दाब! घरात शिरू आधी!” म्हणून वेग वाढवला. म्हणून मागे बघत होते. भोपळ्या, आपल्या तोफा आपल्याला सांभाळतायत असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. याचं मला बरं वाटावं की वाईट, हे मी अजून ठरवू शकले नाही.

शोकसभेच्या सकाळी कप्तान स्वतः घरी आला. इस्त्रीचे कपडे, पण दाढी करताना दोन ठिकाणी कापलेलं. बाबांना मानवंदना म्हणून टेकडीवरून तोफ उडवायची ठरली होती, माझी परवानगी विचारायला आला होता. मी म्हटलं, “तोफ नको.” तो म्हणाला, “बाई, गावाची तशी इच्छा आहे.” मी म्हटलं, “मला तो आवाज नको. तुम्हाला कळतंय मी का म्हणतेय ते.” तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला ठाऊक आहे. मला वाटलं आता हा ओरडेल, नाहीतर रडेल. तो खुर्चीवर बसला आणि टोपी मांडीवर ठेवली. फार हळू म्हणाला, “तसंच धुकं आणि तशीच बोट पुन्हा आली तर मी पुन्हा तोच हुकूम देईन. मला दुसरं काही करता येणार नाही. खालच्या बंदरात थांबले होते, तिथे किती माणसं गेली ते मी पाहून आलोय.” मी त्याला चार शब्द सुनवायचे ठरवले होते. सगळे विसरले. मी म्हटलं, “मग निदान खूण तरी नीट पोचवा. फोनवर नको. माणूस उभा करा धक्क्यावर. खूण तोंडाने सांगितल्याशिवाय आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतल्याशिवाय एकही बोट सोडू नका.” तो म्हणाला, “माणसं कुठायत?” आतल्या खोलीच्या दारात ताई उभी होती. ती म्हणाली, “मी उभी राहीन.”

तेव्हापासून ती रोज उजाडायच्या आधी धक्क्यावर जाते. प्रत्येक बोट अडवते. नाखव्यांना आधी हसू आलं, एकाने टाळाटाळ केली तर तिने त्याची दोरी खुंट्यावरून सोडूच दिली नाही. आता ते शहाणी मुलं पाढा म्हणतात तशी खूण म्हणून दाखवतात आणि मगच जातात. संध्याकाळी घसा बसलेला असतो तिचा. मास्तरांनी बदली मागितली, मिळाली नाही. ते यंत्र वाचता येणारं दुसरं कुणी नाही. तेव्हा ते अजून तिथेच बसतात, रोज, आणि डोळा लावतात. ताई त्यांच्याशी बोलत नाही. अंगठी काढलेली नाही. परवा शेजारीण माझ्यापाशी काहीतरी पुटपुटली, की लग्न मोडलं वाटतं, मास्तरांच्यातच काही खोट असेल, तर ताईने तिला अशी झापली की ती बाई अजून आमच्याकडे बघत नाही. मास्तर कधी रविवारी येतात. मी वाढते. कधी वाटतं, बिचारं पोर. कधी त्यांचा तो डोळा बघवत नाही, ज्याने त्यांनी पाहिलं, आणि मी उगाच उठून आत जाते. माफ केलं का म्हणशील, तर मला माहीत नाही. वाढते एवढं खरं.

इथे सगळे म्हणतायत की शत्रू आता येणार. याच धुक्याच्या दिवसांत येणार. पलीकडच्या बेटावर पेटलेलं काहीतरी परवा दिवसभर धुमसताना दिसत होतं. टेकडीवर गोळे चढवण्याचं काम थांबत नाही. आजही सकाळपासून काही दिसत नाहीये. बाहेरून भोंगे ऐकू येतात, मी हातातलं काम टाकून ते मोजते, आणि ताईने सांगितलेल्या खुणेशी जुळले की पुन्हा कामाला लागते. जुळले नाहीत तर काय करायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आता नर्स जिन्यात उभी आहे, म्हणून ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू पत्रात लिहिलंयस की तू स्वतः मागून घेऊन तोफेचा बार काढायच्या दोरीवर आलास. लिहिलंयस, आई, धुक्यातून एक बोट माझ्यासमोर येऊ दे, मी विचार करत बसणार नाही, बाबांचं नाव घेऊन ओढीन. त्याला उत्तर लिहायला बसले त्या दिवशी दूध उतू गेलं, भोपळ्या. तुझं काम सोड असं मी म्हणत नाही. येणारी बोट शत्रूची असेल, तुमच्या बंदरातही माणसं झोपलेली असतील, हुकूम झाला तर तुला ओढावंच लागेल, आणि ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला मी कोण. पण तुझे बाबा शत्रूने मारले नाहीत. ते घरी येत होते. म्हणून जे करशील ते हुकमाने कर, भीतीने कर, दुसरा इलाज नाही म्हणून कर. शक्य असेल तिथे धुकं फाटायची वाट बघ. पण बाबांच्या नावाने ती दोरी ओढू नकोस.

तुझीच,
आई